उजव्या बाजूची तक्रार

माझे हेडफोन आले ती मे महिन्यातली दुपार होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कुरिअरवाला घामानं निथळत उभा होता, तर मी त्याला पाणी द्यायच्या आधी खोकं आपटलं नाही ना, हे विचारलं. आत लाकडी पेटी होती, पेटीत मखमल, आणि मखमलीवर ते विराजमान झालेले. बायको पदरानं हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, "मंगळसूत्राचा डबा बी एवढा चांगला नव्हता माझ्या." किंमत तिनं विचारली नाही. खरी मी सांगणार नाही हे तिला माहीत होतं.

हा खर्च मी का केला, हे सांगायचं तर आधी माझ्या कानाबद्दल सांगावं लागेल. वाळूजच्या एका कारखान्यात मी तेहतीस वर्षं प्रेस शॉपला होतो. पत्रा मशीनमध्ये ठेवायचा, वरून ठोका पडायचा, खाली गाडीचा कुठला तरी भाग तयार होऊन पडायचा. असे दिवसाला हजारो ठोके. त्या शॉपमध्ये मला सगळे 'कान' म्हणत. वरून ठोका मारणारा पंच बोथट झाला की आवाज बदलतो, खालच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, पत्र्याची कपची अडकली की आणखी वेगळा होतो, आणि हा फरक मला दहा मशीनी एकदम चालू असताना कळायचा. शिकलेले इंजिनिअर मोजमापं घेऊन येईपर्यंत मी डोळे मिटून उजवा कान पुढं करायचो आणि सांगायचो, "तीन नंबरचा पंच काढा." दहापैकी आठ वेळा बरोबर निघायचं. उरलेल्या दोन वेळा मी पत्र्याला नावं ठेवायचो.

निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि साहेब भाषणात म्हणाले की आज कारखान्याचा कान निवृत्त होतोय. असल्या भाषणात असंच बोलतात हे मला कळायला हवं होतं. पण मी ते घेतलं मनावर. मशीन कंपनीची होती, ती तिथंच राहिली. पंचिंग कार्ड गेलं, कँटीनचा चहा गेला, 'साहेब बोलावतात' गेलं. कान तेवढा माझा होता, तो मी घरी घेऊन आलो. घरी त्याला काम नव्हतं. सकाळी फिरायला जायचं, भाजी आणायची, आणि भाजी चुकीची आणली म्हणून ऐकून घ्यायचं, एवढंच. या कानाशिवाय आपल्याजवळ आता दाखवण्यासारखं काही नाही, हे मला रोज जाणवायचं, आणि म्हणून तो ओसाड पडू द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं.

मोबाईलवर हेडफोनशौकिनांचा एक ग्रुप सापडला. त्यातल्या कुणालाही मी भेटलेलो नाही. कुणी पुण्याचा, कुणी इंदूरचा, कुणी तर परदेशात. पण काय लिहितात! एकानं नुसत्या वायरीवर तीन परिच्छेद लिहिले होते, आणि ती वायर चंदेरी असल्यानं आवाजात 'पहाटेचा गारवा' आला असं म्हटलं होतं. मला वाटलं, आपली जात सापडली. हळूहळू मीही लिहायला लागलो. प्रेस शॉपचा किस्सा एकदा सांगितल्यावर तर तिथंही माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द झाला. कुणी नवा हेडफोन घेतला की त्यानं 'पहिली छाप' लिहायची, ही ग्रुपची रीत होती. आता माझी पाळी होती, आणि ग्रुप वाट बघत होता.

पण हे उंची हेडफोन काढले आणि ऐकले, असं नसतं. आधी ते शंभर तास वाजवून ठेवायचे असतात, कुणी ऐकत नसताना. त्यानं आतला पडदा मोकळा होतो म्हणे. मी ते टेबलावर ठेवून गाणी लावून दिली. बायको दोन दिवस कन्नडला माहेरी जाऊन आली, तरी ते वाजतच होते.

"हे कुणासाठी वाजायलंय?" तिनं विचारलं.

"मोकळे होतायत ते. तू नवा तवा आणलास की पहिल्या दोन भाकरी वाया घालवतेस की नाही? तसंच."

"वाया कुठं? गायीला घालते मी त्या."

मी गाणी पुन्हा पहिल्यापासून लावून दिली.

दुसरी भानगड त्यांच्या पाठीची. या जातीचे हेडफोन पाठीमागून उघडे असतात, नुसती जाळी असते. त्यामुळं आवाज मोकळा, खुल्या मैदानातल्यासारखा होतो, पण आतलं गाणं बाहेर जातं आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. बायकोनं जाळी बघून "नवेकोरे असून फाटके दिलेत व्हय?" असं विचारलं होतं. आमच्या घरात बाहेरचा गोंगाट म्हणजे कूलर. संभाजीनगरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता कूलर बंद करणारा माणूस आजवर कुणी पाहिला नसेल, तो माझ्या बायकोनं पाहिला. मग पंखा बंद केला. मग फ्रिजची घरघर ऐकू आली म्हणून तोही बंद केला आणि नंतर लावायचा विसरलो. दूध नासलं. "लोक गारव्यासाठी मरायलेत आन् तुम्ही गाण्यासाठी भाजून घ्यायलेत," असं म्हणून ती उशी घेऊन शेजारणीकडं निघून गेली.

तर अशा त्या भट्टीत बसून मी पहिलं गाणं लावलं. एक जुनी ठुमरी होती, साथीला सारंगी, पेटी आणि तबला. बनियन अंगाला चिकटलेलं, कपाळावरून ओघळ, आणि मी समाधी लावून बसलेलो. सुरू झालं, आणि मला काहीतरी खटकलं. गाणारी बाई अगदी समोर मधोमध बसायला हवी होती. ती डावीकडं सरकून बसली होती. एसटीच्या बाकावर उजवीकडच्या धिप्पाड माणसानं मांड्या पसरल्यावर आपण जसे खिडकीला चिकटतो, तशी. सारंगी उजवीकडं असावी, पण ती पांघरूण घेऊन वाजवल्यासारखी येत होती.

त्या दिवशी ग्रुपवर मी जे लिहिलं ते अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. अधूनमधून मी ते शिक्षा म्हणून वाचतो. मी लिहिलं होतं की तबल्याच्या शाईवर बोट नेमकं कुठं पडलं तेही या हेडफोनमध्ये दिसतं. मला काही दिसलं नव्हतं, पण असं लिहायची पद्धत आहे. खर्ज जमिनीखालून येतो असंही लिहिलं होतं. आणि शेवटी होतं: "उजवी बाजू किंचित मागं आहे. कान तयार नसेल तर लक्षातही येणार नाही."

प्रतिसादांचा पाऊस पडला. 'मानलं तुमच्या कानाला', 'एवढं बारीक फक्त तुम्हीच पकडू जाणे'. मी घामेजल्या बनियनवर हात फिरवत ते वाचत राहिलो. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला कधी शिडी लागली नाही.

दुकानदार भला माणूस होता. एका शब्दानं वाद न घालता त्यानं जोड बदलून दिला. पुन्हा पेटी, पुन्हा मखमल, पुन्हा शंभर तास. पुन्हा कूलर बंद. आणि पुन्हा ती बाई डावीकडं! आता मात्र मी पेटलो. ग्रुपवर जाहीर केलं की सगळा लॉटच खराब आहे, कुणी घेऊ नका. दोघांनी घ्यायचा बेत रद्द केल्याचं कळवलं आणि माझे आभार मानले. लोकांना फसवणुकीतून वाचवल्याचं समाधान मला मिळालं.

खरं तर त्या वर्षात आमच्या घरातल्या बऱ्याच वस्तू बिघडत चालल्या होत्या. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं सांगून बायको वर गच्चीवर गेली, आणि वरण करपून पातेल्याला लागलं. मी कुकरला दोष दिला. गुलमंडीवर जाऊन नवी शिटी आणली. पुढच्या वेळी भात लागला, तेव्हा रिंग बदलली. दाराची बेल वाजेनाशी झाली म्हणून बेल बदलली. मोबाईलची रिंग बारीक झाली म्हणून मोबाईल बदलला. "सगळ्या जगाचं बिघडलंय," बायको म्हणायची, "तुमचंच तेवढं चांगलंय." ती दोन वर्षांपासून सांगत होती की तुम्हाला ऐकू येत नाही. मी तिला सांगत होतो की तू तोंडातल्या तोंडात बोलतेस.

दुसऱ्या जोडाची परत करायची पेटी बांधून ठेवली होती, त्याच आठवड्यात माझा जुना दोस्त आला. शहागंजला राहतो. माझ्या शेजारच्या प्रेसवर त्यानं तीस वर्षं काढली. म्हटलं, परत पाठवायच्या आधी यालाही ऐकवू. पेटी सोडली, त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले, गाणं लावलं. तो सोफ्यावर ताठ बसून राहिला. एक मिनिट झालं. मग मोठ्यानं म्हणाला, "हौ, हल्के हैं. आरामदायी हैं. अब बजा ना."

गाणं केव्हाच सुरू होतं. जाळीतून ते मला समोर ऐकू येत होतं. मी आवाज वाढवला, आणखी वाढवला. स्वयंपाकघरातून बायकोनं डोकावून बघितलं. तेव्हा कुठं त्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. "आता है, आता है. थोडा थोडा." मग त्यानं हेडफोन काढून अलगद माझ्या हातात दिले. "अपना तो गया यार. प्रेस ने ले लिया. दोनों." जुनी छत्री हरवल्याचं सांगावं तितक्या सहज त्यानं हे सांगितलं. "तेरा कैसा है?"

"ठणठणीत," मी ओरडलो.

मला त्याची फार दया आली. तो गेल्यावर मी बायकोला म्हणालोसुद्धा, "बिचाऱ्याचं काही राहिलं नाही गं." टेबलावरचे हेडफोन तिनं उचलले, पदर सारून कानावर बसवले आणि म्हणाली, "लावा बरं. मी बी बघते एवढं काय हाय त्यात."

मी तीच ठुमरी लावली. ती आधी हसली, मग हसायची थांबली. डोळे मोठे झाले. "अगं बाई," ती म्हणाली, "ही तर माझ्या म्होरं बसून गायलीय."

"समोर? डावीकडं नाही?"

"डावीकडं कशाला? मधी. हितं." आणि तिनं स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं.

मी तिला सांगितलं की कान तयार असल्याशिवाय हे कळत नाही. "व्हय व्हय," म्हणून तिनं हेडफोन काढून दिले. मी चढवले. बाई डावीकडंच होती. "बघ," मी म्हणणार होतो, तेवढ्यात मानेला काहीतरी वेगळं लागलं. वायर पुढून यायच्या ऐवजी मागून आली होती. मी चाचपून बघितलं, काढून बघितलं. हेडफोन उलटे होते. उजवा डाव्या कानावर, डावा उजव्या कानावर. हेडफोनची उजवी बाजू खराब असती तर ती बाई आता उजवीकडं सरकायला हवी होती. ती तसूभर हलली नव्हती.

कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या आठवड्यात मी एक गोष्ट शिकवायचो. दोष कुठं आहे कळत नसेल तर दोन पार्टांची अदलाबदल करा. दोष पार्टाबरोबर सरकला तर पार्ट खराब. दोष होता तिथंच राहिला तर मशीन खराब. तेहतीस वर्षं हे सांगत आलो, आणि दोन जोड परत करायला निघालो तरी एकदा उलटे घालून बघावेत हे मला सुचलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, आणि मी अंगण एकदा बदलून घेतलं होतं, दुसऱ्यांदा बदलायला निघालो होतो. मशीन सोफ्यावर घाम पुसत बसली होती.

मग मला प्लग आठवले. कंपनी आम्हाला कानात घालायला मऊ पिवळे प्लग द्यायची. सक्ती होती. पण दोन्ही कान बंद केले तर प्रेस कशी ऐकणार? मग आम्ही जुन्या लोकांनी तोड काढली होती. ये-जा करायचा रस्ता आमच्या डाव्या हाताला होता, सेफ्टीचा साहेब तिकडूनच जायचा. म्हणून प्लग डाव्या कानात. उजवा प्रेसकडं, तो उघडा. 'एक कान कंपनीचा, एक कामाचा' असं आम्ही म्हणायचो. माझ्या दोस्तानं तर दोन्ही उघडे ठेवले होते. मी त्याच्यापेक्षा शहाणा, मी अर्धाच उघडा ठेवला. आणि हे मी पोरांना शिकवलंय, अभिमानानं, पाठीवर थाप मारून. किती जणांना, ते आठवायला लागलो आणि आठवणं सोडून दिलं. मला भीती वाटली. खरीखुरी.

बायकोला काही सांगितलं नाही. तीन दिवस मी चोरून परीक्षा घेत बसलो. मनगटावरचं घड्याळ डाव्या कानाला लावलं, टिकटिक. उजव्या कानाला लावलं, काही नाही. म्हटलं घड्याळाचा सेल गेला असेल, आणि पुन्हा डाव्या कानाला लावून बघितलं. पळीत लसूण घालून गरम केलेलं तेल कानात सोडलं. ग्रुपवर लोक विचारत होते, कंपनी काय म्हणते? मी लिहिलं की गावी पिशोरला आलोय, रेंज नाही.

शेवटी मळ असेल असं म्हणून डॉक्टरकडं निघालो. बायकोनं न विचारता चपला घातल्या. गारखेड्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही कान बघितले आणि म्हणाले, "स्वच्छ आहेत." स्वच्छ म्हटल्यावर एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. त्यांनी आतल्या खोलीत तपासणीला पाठवलं.

खोली लहान होती, दार जाड. कानाची तपासणी करणाऱ्या बाई तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. बायको बाहेर थांबायला तयार नव्हती, म्हणून तिला माझ्या उजव्या बाजूला स्टूल दिलं. "काका, कितीही बारीक आवाज आला तरी हे बटण दाबायचं," त्या म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावर हेडफोन चढवले. जुने होते, एका गादीला चिकटपट्टी लावलेली. अशा वेळीसुद्धा माझ्या मनात आलं की पकड घट्ट आहे, खर्ज बेताचाच असणार.

डाव्या कानाचं छान झालं. टूं आला की बटण, टूं आला की बटण. मग त्या म्हणाल्या, आता उजवा. मी बोट बटणावर ठेवून बसलो. सुरुवातीचे जाड आवाज आले. पुढं काही येईना. मग माझ्या लक्षात आलं की आवाज सोडताना बाईंचं कोपर किंचित हलतं. कोपर हललं की मी बटण दाबायला लागलो. कान नसला तरी नजर तयार होती. चार-पाच वेळा मस्त जमलं.

"मॅडम," बायको म्हणाली, "हे तुमच्या हाताकडं बघून दाबायलेत."

मी तिच्याकडं रागानं बघितलं. तिनं नजर काढली नाही. बाई हसल्या, उठल्या आणि माझी खुर्ची भिंतीकडं तोंड करून वळवली. "काका, ही परीक्षा नाहीये," त्या म्हणाल्या. पण माझ्यासाठी होती.

भिंत पांढरी होती, तिच्यावर एक खिळा होता, खिळ्यावर काही नव्हतं. मी डोळे मिटले, प्रेससमोर उभं राहताना मिटायचो तसे. मनात म्हटलं, येऊ दे, एकदा येऊ दे, अगदी बारीक आला तरी चालेल. पूर्ण शांतता होती. कूलर, पंखा, फ्रिज सगळं बंद करूनही घरी इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती. मी वाट बघत राहिलो. बाईंना कुणाचा फोन आला असेल, त्या काहीतरी लिहीत असतील. बोट आखडायला लागलं तेव्हा मी ते बटणावरून उचलून झटकलं आणि घाईनं पुन्हा ठेवलं, तेवढ्यात आवाज निसटायला नको म्हणून.

बऱ्याच वेळानं खांद्यावर हात पडला. बाईंनी हेडफोन काढून घेतले, "झालं काका," म्हणाल्या, आणि कागद घेऊन डॉक्टरांकडं गेल्या. खोलीत आम्ही दोघंच उरलो.

"मधे बराच वेळ थांबल्या होत्या ना त्या?" मी बायकोला विचारलं.

ती उठली, स्टूल उचललं, माझ्या डाव्या बाजूला आणून ठेवलं आणि बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "थांबल्या नव्हत्या. वाजतच व्हतं. मला तिथं बसून ऐकू येत व्हतं."